इंजिन बदललेली जिप्सी घाटात झटके घेते, सपाटीवर नाही: अधूनमधून येणारा सेन्सर फॉल्ट कसा पकडायचा

तक्रार साधारण अशी असते. जुनी कार्बोरेटरची जिप्सी, तिच्यात एस्टीमचं १.३ लिटरचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं) इंजिन बसवलेलं. इंदूरच्या आत, पलासियापासून राऊपर्यंत गाडी मस्त चालते. सिमरोल मागे पडून भेरूघाट लागला, दुसऱ्या गिअरमध्ये चढण सुरू झाली, की दोन-तीन झटके बसतात, चेक इंजिनचा लाइट क्षणभर लागून विझतो, कधी इंजिन सरळ बंदच पडतं. बाजूला पाच मिनिटं थांबलं की सेल्फला पुन्हा चालू. मिस्त्रीकडे नेली तर एक झटका नाही. मग तो बोनेट उघडून म्हणतो, "भिया, क्रँक सेंसर डाल दो, गरम हो के कट रहा है." क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का आणि किती वेगाने, हे सांगणारा) बदलला जातो, काही दिवस बरं वाटतं, आणि पुढच्या वेळी चोरलला जाताना त्याच वळणांवर तेच सुरू.

अशा गाडीत सेन्सरवर सगळ्यात शेवटी संशय घ्या. डोनर गाडीत, म्हणजे जिच्यातून इंजिन काढलं तिच्यात, ते इंजिन त्याच सेन्सरवर वर्षानुवर्षं चाललेलं असतं. जिप्सीची बॉडी, चासी, बॅटरीची जागा, इग्निशन स्विच हेही आपापल्या जागी चाललेलं असतं. नवीन आहे तो फक्त या दोघांच्या मधला भाग: लांबवलेल्या वायरी, त्यांचे जोड, अर्थ (करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट), ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) दिलेली सप्लाय आणि वायरिंग कुठून कसं नेलंय ते. फॉल्ट या मधल्या भागातच शोधायचा.

एस्टीमच्या इंजिनाच्या बाबतीत तर हे जास्तच खरं, कारण त्या गाडीत इंजिन आडवं बसतं आणि जिप्सीत उभं, म्हणजे लांबीच्या दिशेने. इंजिन नव्वद अंशांनी फिरलं की त्याच्या वायरिंगची सगळी मापं बिघडतात. काही वायरी तोकड्या पडतात, त्यांना तुकडे जोडले जातात. काही उगाच लांब राहतात, त्यांचं भेंडोळं करून कुठेतरी, बहुतेक वेळा एक्झॉस्टजवळच, बांधून टाकलं जातं. जिप्सी भारतात १९८५ मध्ये आली तेव्हा ९७० सीसीची होती. १९९६ मध्ये १.३ लिटरचं कार्बोरेटर इंजिन आलं आणि २००० पासून तिलाही एमपीएफआय मिळालं. त्यामुळे एमपीएफआय जिप्सीचं मूळ वायरिंग मिळालं तर लांबी तरी जुळते. ते घेणं एस्टीमचं वायरिंग कापत बसण्यापेक्षा कधीही चांगलं, फक्त प्रत्येक पिन आपल्या ईसीयूशी जुळते का ते आकृतीवरून पडताळायचं. (आरसीवर नवा इंजिन नंबर चढवणं आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालची मंजुरी हा विषय वेगळा. तो आधीच उरकलेला असावा, एवढंच म्हणतो.)

शोध सुरू करण्याआधी

पहिलं काम चेक इंजिनच्या लाइटचं. कार्बोरेटरच्या गाडीत हा लाइट मुळातच नसतो आणि इंजिन बसवणारे तो बऱ्याचदा जोडतच नाहीत. डॅशबोर्डवर एक साधा बल्ब लावा आणि ईसीयूच्या त्या पिनला जोडा. पुढची निम्मी तपासणी या एका बल्बवर चालते.

दुसरं, कायमचे कोड. कोड म्हणजे ईसीयूने नोंदवून ठेवलेला दोषाचा क्रमांक. बदललेल्या गाडीत स्पीड सेन्सर जोडलेला नसतो, पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) काढून टाकलेला असतो, ऑक्सिजन सेन्सरचा हीटर लोंबकळत असतो. त्यामुळे अनुक्रमे पी ०५००, पी ०४४३, पी ०१३५ असे कोड बारा महिने पडून राहतात, लाइट कायम पेटलेला राहतो आणि मालक त्याच्याकडे बघणं सोडून देतो. खरा, अधूनमधून येणारा कोड या गर्दीत दिसतच नाही. आधी हे कायमचे कोड निकाली काढा. स्पीड सेन्सर तर लावाच. काही ईसीयू गाडी थांबत येताना आयडल सांभाळायला स्पीडचा सिग्नल वापरतात. तो नसला तर सिग्नलला थांबताना गाडी बंद पडते आणि दोष भलत्याच सेन्सरला लागतो.

तिसरं, स्कॅनर. आपल्याकडे ओबीडीची (गाडीनेच आपले दोष कोडने सांगण्याच्या व्यवस्थेची) सक्ती एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या डोनर गाडीचा ईसीयू स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरला बहुतेक दाद देत नाही. अशा जुन्या ईसीयूंपैकी काहींमध्ये डायग्नोसिस कनेक्टरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या की चेक इंजिनचा लाइट लुकलुकून दोन आकडी कोड सांगतो. कोणत्या दोन पिना, हे त्या ईसीयूच्या मॅन्युअलमध्येच बघायचं. अंदाजाने पिना जोडाल तर ईसीयूच जाईल.

कोड काय सांगतो

कोडमध्ये सेन्सरचं नाव दिसलं की लोक सेन्सरच बदलतात. कोड बोलतो तो पूर्ण सर्किटबद्दल: ईसीयूची पिन, वायर, जोड, कनेक्टर, सेन्सर आणि परतीची अर्थ वायर. बदललेल्या गाडीत एकट्या कोडपेक्षा कोडांची जोडी जास्त बोलते.

मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) आणि थ्रॉटल सेन्सर (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा) दोघांनाही ईसीयू एकाच ५ व्होल्टच्या लाइनवरून सप्लाय देतो. पी ०१०७ आणि पी ०१२२ एकाच वेळी आले, म्हणजे दोन्ही सिग्नल खाली कोसळले, तर दोन सेन्सर एकाच क्षणी मेले असं कोणी समजू नये. ५ व्होल्टची लाइन तुटतेय किंवा कुठेतरी बॉडीला टेकतेय. उलट पी ०१०८, पी ०१२३ आणि कूलंट सेन्सरचा पी ०११८ असे तिन्ही वरच्या बाजूचे कोड एकत्र आले, तर सेन्सरांची सामायिक अर्थ वायर सुटतेय. कूलंट सेन्सरचं सर्किट उघडं पडलं की ईसीयूला इंजिन उणे ४० अंशांवर दिसतं. मे महिन्यात इंदुरात उणे ४० दिसलं की वायर तुटली हे सांगायला मिस्त्री लागत नाही. तो सेन्सर स्वतः तपासायचा तर २० अंशांना साधारण २ ते २.७ किलो-ओहम आणि ८० अंशांना ०.३ किलो-ओहमच्या आसपास यायला हवा.

कधी होतं ते लिहून ठेवा

"कधीकधी होतं" या माहितीवर फॉल्ट सापडत नाही. इंजिन गरम की थंड, कोणता गिअर, चढ की उतार, खड्डा, पाऊस, हेडलाइट आणि पंखा चालू की बंद, टाकीत पेट्रोल किती, हे प्रत्येक वेळी फोनवर बोलून ठेवा. घाटात तर तीन गोष्टी एकदम घडतात: इंजिन तापतं, त्याच्यावर लोड येतो आणि ते माउंटिंगवर मुरडतं. मिस्त्री त्यातली फक्त उष्णता धरून बसतो. या तिन्ही वेगळ्या करता आल्या की काम बरंच सोपं होतं.

आणि बंद पडण्याच्या क्षणी एक गोष्ट बघायची. चावी ऑन ठेवा, लगेच सेल्फ मारू नका. इंजिन बंद आणि चावी ऑन असताना चेक इंजिनचा लाइट पेटलेला असलाच पाहिजे. तो पेटला नाही, तर ईसीयूलाच सप्लाय किंवा अर्थ मिळत नाहीये. मेन रिले, फ्यूज, इग्निशनची वायर बघा, सेन्सरांना हात लावू नका. लाइट पेटला, पण चावी बंद करून पुन्हा ऑन केल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंदांचा आवाज येत नाही, तर पंपाचा रिले आणि वायर बघा. लाइटही आहे, पंपही वाजतो, सेल्फही फिरतो, पण स्कॅनरवर फिरतानाचा आरपीएम शून्य, तर क्रँक किंवा कॅम सेन्सरचं सर्किट. रस्त्याच्या कडेला मिनिटभरात होणारं हे काम आहे आणि दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

अर्थ आणि सप्लाय

बदललेल्या गाड्यांमधले निम्मे भुताटकीचे फॉल्ट इथे मिटतात, असं माझं मत. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं असतं. जाड अर्थ पट्टी विसरली गेली, किंवा रंगावरच बोल्ट कसला, तर सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेने परततो: अ‍ॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल. सेल्फ मारल्यावर केबलचं आवरण गरम लागलं किंवा अ‍ॅक्सिलरेटर अडखळायला लागला तर दुसरा पुरावा नको.

इथे मीटर ओहमवर लावून उपयोग नाही. सात-आठ पदरांच्या वायरचा एक पदर शिल्लक असला तरी मीटर खुशाल बीप करतो. व्होल्टेज ड्रॉप मोजा, म्हणजे करंट वाहत असताना त्या वाटेत किती व्होल्ट गळतात ते. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर आणि सेल्फ मारा. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर पट्टी किंवा तिचं थिंबल (टोकाची कडी) खराब. मग इंजिन चालू ठेवून हेडलाइट, ब्लोअर, पंखा सगळं लावा आणि बॅटरी निगेटिव्हपासून ईसीयूच्या अर्थ पिनपर्यंत मोजा. इथे ०.१ व्होल्टच्या आतच हवं. बऱ्याच इंजिनांत ईसीयूची अर्थ इनटेक मॅनिफोल्डवर बोल्टने कसलेली असते. इंजिन बदलताना तो बोल्ट काढला जातो आणि परत बसवताना खाली गंज, रंग किंवा चुकीचा वायसर राहतो.

सप्लायच्या बाजूलाही तसंच. जुन्या जिप्सीचा इग्निशन स्विच कार्बोरेटरच्या इंजिनापुरता होता. त्याच्याच वायरवर आता ईसीयू, इंजेक्टर, कॉइल आणि पंप लादलेले असतात. सगळे लोड चालू ठेवून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ईसीयूच्या सप्लाय पिनपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप आला तर स्विचवरून फक्त रिलेचा सिग्नल घ्या आणि मुख्य सप्लाय फ्यूजमधून थेट बॅटरीवरून. हातासरशी मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवरही बघा. इंजिन चालू असताना ०.५ व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय, आणि तो क्रँक सेन्सरचे खोटे कोड देऊ शकतो.

गाडी जागेवर उभी ठेवून घाट

आता टिळकनगरातल्या एका काकांच्या जिप्सीचं सांगतो. झटका आला की पी ०१०७ आणि पी ०१२२ सोबत यायचे, म्हणजे संशय ५ व्होल्टच्या लाइनवर. अर्थ ठीक, सप्लाय ठीक, बोनेट उघडून वायरिंग कितीही हलवलं तरी काही नाही. काकांचं म्हणणं ठाम, "अरे, गरम झाल्यावरच होतं ते, मी तीन वर्षं बघतोय." पण हीच गाडी मे महिन्याच्या दुपारी बायपासवर पाचव्या गिअरमध्ये तासभर पळायची आणि काही व्हायचं नाही. तेव्हा इंजिन काही थंड नसतं.

फरक होता मुरडण्याचा. उभ्या बसवलेल्या इंजिन-गिअरबॉक्सवर उलटा मरोड येतो तो गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या टॉर्कएवढा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तो कितीतरी पटीने वाढतो, पाचव्यात उरतो थोडासा. रिव्हर्समध्ये टॉर्कची दिशा उलटते, म्हणून इंजिन दुसऱ्या बाजूला कलतं. म्हणजे घाटाचा हा भाग अंगणातही करून बघता येतो.

क्षणभराचा खंड पकडण्याइतका मीटर झटपट नसतो. त्याच्या जागी ५ व्होल्टच्या लाइनवर थ्रॉटल सेन्सरच्या कनेक्टरपाशी एक लाल एलईडी आणि १ किलो-ओहमचा रेझिस्टर असा जोड लावला, लांब वायरने आत डॅशबोर्डवर आणला. तीन-साडेतीन मिलिअँपिअरचा हा भार ईसीयूला जाणवत नाही आणि डोळ्याला मात्र निमिषभराची फडफडही दिसते.

गाडी सपाट जागी, चाकांना पुढून-मागून विटा, हँडब्रेक ओढलेला, पुढे-मागे कोणी उभं नाही. "काका, उजवा पाय ब्रेकवर घट्ट ठेवा, गाडी थंडच राहू दे. पहिला टाका आणि क्लच फक्त लागेल इतकाच सोडा." काकांना क्लचची चिंता. "जाळशील रे माझी प्लेट!" दोन सेकंदांचंच काम होतं. इंजिन घुसमटून एका बाजूला कललं आणि एलईडी फडफडून विझला. क्लच दाबला, पुन्हा पेटला. मग रिव्हर्स: इंजिन दुसऱ्या बाजूला गेलं, एलईडी ढिम्म. पुन्हा पहिला, पुन्हा विझला. इंजिन थंडच होतं, म्हणजे गरम होण्याची गोष्ट तिथेच निकाली निघाली.

मग फक्त एवढंच शोधायचं होतं की इंजिन त्या बाजूला गेल्यावर वायरिंगचा कोणता भाग ताणला जातो. फायरवॉलच्या भोकापाशी वायरिंग झिप टायने बॉडीला आवळलं होतं आणि वीतभर पुढे दुसऱ्या झिप टायने इंजिनच्या ब्रॅकेटला. मध्ये सैल अजिबात नाही. इंजिन कललं की त्या ब्रॅकेटची कापीव कड वायरिंगमध्ये घुसायची. वरची टेप शाबूत दिसत होती. टेप उलगडल्यावर आत एका बारीक वायरचं इन्सुलेशन तांदळाच्या दाण्याएवढं सोललेलं, आणि ब्रॅकेटच्या कडेवर नेमक्या त्याच जागी चकाकणारा तांब्याचा डाग. टेप न उलगडता हे कधीच दिसलं नसतं, कारण हाताने हलवताना आपण वायरिंग हलवतो आणि घाटात हलतं ते इंजिन.

खरोखर उष्णता असेल तर

असंही असतंच, आणि तेव्हा क्रँक-कॅम सेन्सर नीट तपासायचा. दोन वायरींचा क्रँक सेन्सर म्हणजे तांब्याची गुंडाळी, आणि तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. थंड असताना ५०० ओहम असलेला सेन्सर इंजिन तापल्यावर ६५० दाखवत असेल तर तो निरोगी आहे. बरेच जण हा आकडा बघूनच तो फेकून देतात. गरम असताना मीटर अनंत दाखवत असेल तर आतली वायर सुटतेय, बदला. तीन वायरींचा हॉल सेन्सर ओहमने तपासता येत नाही. बंद इंजिनावर हेअर ड्रायरने फक्त तो सेन्सर तापवा, मग सेल्फ मारून आरपीएम येतो का बघा. रस्त्यात बंद पडली तर सेन्सरच्या अंगावर ओलं फडकं दाबून धरा, हात मॅनिफोल्डपासून सांभाळून. लगेच चालू झाली तर दोष सेन्सरचा असण्याची शक्यता बरीच वाढते.

त्याच्या वायरींबद्दल दोन गोष्टी. या सेन्सरला जाळीदार शील्ड असलेली वायर असते आणि शील्ड एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला, अर्थ करायची असते. लांबवताना साधी वायर जोडली किंवा शील्ड दोन्हीकडे अर्थ केली की प्लगच्या लीडचा उपद्रव सिग्नलमध्ये शिरतो. आणि दोन वायरी उलट्यासुलट्या जोडल्या गेल्या तरी इंजिन कधीकधी चालू होतं, फक्त टायमिंग सरकतं आणि वरच्या आरपीएमला मिसफायर येतो. क्रँक सेन्सर गिअरबॉक्सच्या हाउसिंगवर बसणारा असेल आणि गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा लावला असेल, तर दात आणि सेन्सरमधलं अंतरही बघा.

जोड असा करा

वायरी पिळून काळी टेप गुंडाळायची पद्धत बोनेटखाली एका उन्हाळ्यापुरती. टेपचा गोंद वितळून खाली येतो, पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं. नुसता सोल्डरही इंजिनवर नको; सोल्डर संपतो तिथे वायर कडक होते आणि कंपनाने बरोबर तिथेच मोडते. चांगल्या क्रिंपरने दाबलेली स्लीव्ह आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, हा जोड टिकतो. दहा वायरी जोडायच्या तर सगळे जोड एकाच ठिकाणी नकोत, दोन-दोन बोटं मागे-पुढे करा. फायरवॉलच्या भोकाला रबरी ग्रोमेट हवाच, आणि ईसीयूच्या कनेक्टरकडे जाताना वायरिंगला एक झोळ खाली सोडा, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळत थेट पिनांवर न जाता झोळाच्या तळाशी टपकतं. बॉडीवरचा शेवटचा क्लॅम्प आणि इंजिनवरचा पहिला क्लॅम्प यांच्यात वीत-दीड वीत सैल ठेवा, आणि पहिल्या व रिव्हर्स गिअरची वरची चाचणी पुन्हा करून तो सैल पुरतो का बघा.

संशयित पॉवर वायर तपासायला २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब वापरा: वायर दोन्ही टोकांनी सोडवून तिच्यातून बल्ब पेटवायचा. बॅटरीवर थेट लावल्यासारखाच पेटला तर वायर धड. सेन्सरच्या बारीक वायरीला ५ वॅटचा बल्ब पुरे. ईसीयूचा कनेक्टर मात्र आधी काढलेला असू द्या. त्याच्या पिनेतून बल्बचा करंट गेला तर नवा ईसीयू शोधत फिरावं लागेल.

दुरुस्तीनंतर कोड पुसायचे आणि गाडी त्याच घाटात, त्याच गिअरमध्ये, तितकीच माणसं बसवून चढवायची. राऊपर्यंत चक्कर मारून "हो गया भिया" म्हणण्यात अर्थ नाही, तिथे ती आधीही चालतच होती. एलईडी एवढ्यात काढू नका; काकांच्या गाडीत तो पावसाळा संपेपर्यंत डॅशबोर्डवर होता.